डॉ. हाफकिन : न टोचलेल्यांचाही हिशेब

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत राबणारे आपले अनेक बांधव जुम्याच्या नमाजला कामाच्या कपड्यांतच येतात. फाउंड्रीतली काळी वाळू वुजू केल्यावरही त्यांच्या नखांच्या कडांत थोडी राहतेच. अशाच एका जुम्यानंतर मशिदीच्या ओट्यावर मधुमेहावरील एका चूर्णाचा विषय निघाला. त्या चूर्णाने आपली साखर उतरली असे तिघांनी शपथेवर सांगितले. माझे मत विचारले गेले. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही उतरविला आहे, त्यांपैकीच हा एक असेल, असे मी फारसा विचार न करता बोलून गेलो. माझ्या त्या एका वाक्यावर विसंबून एका बुजुर्गांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. त्यांनी मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. त्यामुळे तो दोष अधिकच जड झाला आहे.

त्यानंतर फाउंड्रीत काम करणाऱ्या एका तरुणाने मला विचारले की ते चूर्ण एकूण किती जणांनी घेतले होते? आणि ते न घेताच किती जणांची साखर उतरली? माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग त्याने आपल्या कारखान्यातली रीत सांगितली. वाळूत मिसळायचा नवा बाइंडर आला की काही साचे नव्या मिश्रणाचे आणि तितकेच साचे जुन्या मिश्रणाचे करतात, आणि दोन्हींत एकाच हीटचे, म्हणजे एकाच भट्टीतून एकाच वेळी निघालेले, लोखंड ओततात. नुसते नव्या साच्यांतले कास्टिंग चांगले निघाले म्हणून कोणी आनंदत नाही. लोखंडच त्या दिवशी चांगले असेल! जुन्या साच्यांतले किती बाद झाले हे मोजल्याखेरीज नव्याची किंमत ठरत नाही.

वाचकहो, मदरशात आम्हाला रिवायत पारखायला शिकविले जाते. सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, त्याची स्मृती कशी होती, हे पाहिल्यावाचून हदीस स्वीकारली जात नाही. ती आपल्या मनाला आवडते एवढे कारण पुरत नाही. दीनच्या बाबतीत इतकी दक्षता घेणारा मी, औषधाच्या बाबतीत तीन माणसांच्या शपथेवर विसंबलो. म्हणून या महिन्यात आपणापुढे एका अशा माणसाचे चरित्र ठेवीत आहे, ज्याने आपल्याच महाराष्ट्रात, मरणाच्या छायेत बसून, औषध न मिळालेल्यांचीही मोजणी केली. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत परळला जी हाफकिन संस्था आहे, ती याच्याच नावाची.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. त्या काळी रशियन साम्राज्यात यहुद्यांच्या वस्त्यांवर जमाव चालून येत. विद्यार्थी असताना आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी हा तरुण उभा राहिला, जखमी झाला, पकडलाही गेला. प्राणिशास्त्रात त्याची गती असामान्य होती. पण धर्म बदलून ख्रिस्ती झाल्याशिवाय विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासारखी नव्हती. त्याने धर्म बदलला नाही. जागा गेली. अल्पसंख्य म्हणून जगणे म्हणजे काय, हे ज्यांना सांगावे लागत नाही, त्यांना या निर्णयाचे मोल कळेल. ओडेसातील त्याचे गुरू मेचनिकॉफ पुढे पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. हाफकिनही जिनिव्हामार्गे तेथे पोहोचला आणि प्रारंभी ग्रंथालयात काम करू लागला. दिवसा पुस्तके आणि उरलेल्या वेळात जंतू असा त्याचा क्रम होता.

तेथे त्याने पटकीची लस तयार केली. 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी तो हिंदुस्थानात आला आणि उत्तरेकडील छावण्या, कलकत्त्याच्या दाट वस्त्या, आसामचे चहामळे अशी वणवण करीत हजारो लोकांना टोचत राहिला. हा माणूस रशियाचा हेर तर नाही ना, असा संशय इंग्रज अधिकाऱ्यांना होता. ही सगळी वर्षे मी एका परिच्छेदात संपवीत आहे, कारण त्याच्या आयुष्याचा खरा कस मुंबईत लागला.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. काही आठवड्यांत शहर ओस पडू लागले. सरकारने हाफकिनना बोलावले. ऑक्टोबरात ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या बळावर काम सुरू झाले. मांसरसाच्या पातळ काढ्यात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. हाफकिन यांनी त्या काढ्यावर आपल्या स्वयंपाकघरातले तूप थेंबाथेंबाने सोडले. तुपाचे थेंब वर तरंगत आणि त्यांना धरून जंतूंच्या जटा वडाच्या पारंब्यांसारख्या खाली लोंबत. बाटली हलविली की त्या तुटून तळाशी जात आणि वर नव्या फुटत. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे. मेलेले जंतू शरीराला शत्रूची ओळख करून देतात, पण घाव घालू शकत नाहीत, हा त्यामागचा विचार होता.

मात्र विचार कितीही सुंदर असला तरी तो अद्याप केवळ अंदाज असतो. प्रथम ससे झाले. नंतर 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी पुढे इतरांना देण्यात आली त्याहून कितीतरी मोठी मात्रा स्वतःच्या शरीरात घेतली. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या, काही दिवसांत सारे शमले. लोक या प्रसंगाचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. परंतु वाचकहो, त्याने काय सिद्ध झाले ते नीट पाहा. लस माणसाला मारीत नाही, एवढेच सिद्ध झाले. ती प्लेगपासून वाचविते की नाही, हे एका माणसावरून कधीच कळणार नाही. कारण लस न घेताही त्या माणसाला कदाचित प्लेग झालाच नसता. हाफकिन यांना हा भेद ठाऊक होता. माझ्या ओट्यावरच्या त्या तिघांना आणि मला तो ठाऊक नव्हता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या कारागृहात प्लेग शिरला. 30 जानेवारीला हाफकिन तेथे गेले. सुमारे निम्मे कैदी स्वखुशीने टोचून घेण्यास पुढे आले. उरलेले तसेच राहिले. सर्वांचे छप्पर एक, अन्न एक, पहारा एक. त्याच दिवशी काही जण आजारी पडले, टोचलेल्यांतलेही आणि न टोचलेल्यांतलेही. त्यांच्या अंगात प्लेग आधीच शिरलेला होता, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा ठेवला गेला. दडविला मात्र गेला नाही. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले.

येथे दोन शंका मनात येतात आणि त्या आपणही घ्याव्यात. पहिली शंका अशी की कैद्याची स्वखुशी कितपत स्वखुशी असते? भिंतीआडच्या माणसाने साहेबाला दिलेला होकार आणि मोकळ्या माणसाचा होकार यांत अंतर आहे. आजचे वैद्यकशास्त्र असा प्रयोग इतक्या सहज करू देणार नाही आणि ते बरेच आहे. दुसरी शंका शास्त्राची आहे. जे पुढे येतात ते बहुधा धीट, धडधाकट, स्वतःची काळजी घेणारे असतात; मागे राहतात त्यांत अशक्त अधिक असू शकतात. मग फरक लसीने पडला की मुळातल्या प्रकृतीने? भायखळ्याच्या आकड्यांत या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नाही.

त्याचे उत्तर वर्षभराने बडोदे संस्थानातील उंधेरा या खेड्यात मिळाले, आणि माझ्या मते हाफकिन यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम तेच. भायखळ्यासारखे ते गाजले नाही. 1898 च्या फेब्रुवारीत गावात प्लेग होता. लोकसंख्या हजारभर. या वेळी हाफकिन यांनी कोण पुढे येतो याची वाट पाहिली नाही. घरोघरची माणसे एकत्र बोलावली आणि प्रत्येक कुटुंबाचे वय, स्त्री-पुरुष, प्रकृती पाहून शक्य तितके सारखे दोन भाग केले. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. म्हणजे एकाच उंबरठ्याआड, एकाच चुलीवरचे खाणारे, त्याच उंदरांच्या सोबतीला झोपणारे दोन भाऊ. एक टोचलेला, एक न टोचलेला. फाउंड्रीतल्या त्या तरुणाच्या एका हीटच्या लोखंडाची आठवण मला येथे झाली.

काही आठवड्यांनी घरोघर फिरून तपासणी झाली. टोचणीनंतर अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग आला होता. त्या कुटुंबांत न टोचलेली माणसे 64 होती. त्यांपैकी 27 जणांना प्लेग झाला आणि 26 दगावले. टोचलेली माणसे 71. त्यांपैकी 8 जणांना प्लेग झाला आणि 3 दगावले. शेकडा चाळीस मृत्यू एका बाजूस, शेकडा चार दुसऱ्या बाजूस. हे तीन मृत्यू हाफकिन यांनी लपविले नाहीत. आपली लस कोणालाही मरू देत नाही, असा दावा त्यांनी केला नाही. पूर्ण शिफा देण्याचा शब्द माणसाने देऊ नये; किती जणांना, किती प्रमाणात, एवढेच त्याने सांगावे. त्या चूर्णाच्या पाकिटावर मात्र शंभर टक्के असे छापलेले होते.

आजची रीत याहूनही कडक आहे. आता दोन भाग माणसाच्या नजरेने पाडीत नाहीत, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दैवावर सोडतात. कारण नजर प्रामाणिक असली तरी नकळत एखाद्या बाजूला कलते. कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्यालाही नाही. परंतु मूळ कल्पना तीच, आणि ती आपल्या इतिहासाला परकी नाही. हजार वर्षांपूर्वी अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया अर-राजी यांनी मेंदूच्या सुजेची पूर्वलक्षणे दिसणाऱ्या रुग्णांपैकी काहींचे रक्त काढले आणि काहींचे जाणूनबुजून काढले नाही, तो रक्त काढण्याचा गुण पारखावा म्हणून.

उंधेऱ्यातील ती 26 माणसे मात्र माझ्या मनातून जात नाहीत. भायखळ्यानंतर लसीवर हाफकिन यांचा विश्वास बसलेला होता. मग अर्ध्या घराला वंचित का ठेवले? याचे उत्तर मी माझ्या परीने असे देतो की विश्वास बसणे आणि सिद्ध होणे एक नव्हे. विश्वास तर माझाही बसला होता. तरीही ज्या आईचे एक मूल टोचलेल्या बाजूला आणि एक न टोचलेल्या बाजूला असेल, तिच्यापुढे हे उत्तर घेऊन जाण्याचे धाडस मला होणार नाही.

लस सिद्ध झाली तरी ती घ्यायला लोक तयार नव्हते, आणि त्यात सगळा दोष लोकांचा नव्हता. 1897 च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार मिळाले होते. सैनिक घरांत शिरत, बायाबापड्यांची तपासणी होई, रुग्णाला ओढून इस्पितळात नेले जाई. 9 मार्च 1898 रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला. ज्या सरकारच्या हाती बंदूक, त्याच्याच हाती सुई. लोकांनी दोहोंत भेद कसा करावा? हाफकिन स्वतः सक्तीच्या विरुद्ध होते. टोचणी ही समजावून, राजीखुशीनेच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

अशा वेळी खोजा इस्माइली जमातीचे पेशवा सर सुलतान मुहम्मद शाह आगा खान त्यांच्या मदतीला आले. वय वीस-एकवीस वर्षांचे. त्यांनी लोकांच्या देखत, एकदा नव्हे अनेकदा, टोचून घेतले. मग त्यांच्या जमातीतील हजारो स्त्री-पुरुष पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. 1899 च्या ऑगस्टात प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलली, ती आजही तेथेच आहे. यहुदी शास्त्रज्ञ, मुस्लिम नेता, तुपाच्या थेंबांवर वाढलेली लस आणि सर्व धर्मांचे बाहू! मुंबईलाच हे शोभते.

तकदीरवर विश्वास ठेवणाऱ्याने टोचून का घ्यावे, असे आजही कोणी विचारतो. शामच्या वाटेवर सरघ येथे हजरत उमर (रजि.) यांना पुढे प्लेग असल्याची खबर मिळाली, तेव्हा त्यांनी सोबतच्या सहाबांशी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचे ठरविले. हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे आहे काय, असे त्यांना विचारले गेले. अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जाणे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी रसूलुल्लाह (स.) यांची प्लेगविषयीची शिकवण सांगितली, की जेथे प्लेग आहे तेथे जाऊ नये आणि जेथे आपण आहोत तेथे तो आला तर तेथून पळू नये. हजरत उमर यांचा निर्णय तिच्याशी जुळला. तदबीर ही तवक्कुलची वैरीण नाही.

आपला कोल्हापूर इलाखाही प्लेगातून सुटला नाही. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत साथ आली की गावे रिकामी करून लोक रानात झोपड्या घालून राहत. आज जेथे एमआयडीसीच्या शेड उभ्या आहेत, त्या कागलच्या माळाला अशा झोपड्या नव्या नसतील.

हाफकिन यांच्यावर सर्वांत मोठे संकट आले ते लसीमुळे नव्हे, एका चिमट्यामुळे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी 107 जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. चौकशी समितीने मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि पाच वर्षे हा कलंक त्यांच्या माथी राहिला.

आता येथेही तीच पद्धत लावून पाहा. ते 19 जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेले 88 जण सुखरूप होते. म्हणजे दोष लसीच्या कल्पनेत नाही, त्या बाटलीत आहे. मग ती बाटली केव्हा दूषित झाली? मुंबईत भरताना की गावात उघडताना? मुंबईत ती कित्येक आठवडे आधी भरली गेली होती. धनुर्वाताचे जंतू त्यात तेव्हाच शिरले असते तर इतक्या काळात वाढून त्यांना दुर्गंधी सुटली असती. परंतु टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली वापरण्यापूर्वी हुंगली होती आणि त्यांना वास आला नव्हता. शिवाय बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट जंतुरहित न करता, औषधी पाण्यात नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. अपराध कोणाचा हे ठरविण्यासाठी आरडाओरडा लागत नाही. कोणते कारण मानले तर काय दिसायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, हे पाहावे लागते. मलेरियाचा वाहक डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. 1907 च्या जुलैत त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले, आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त मानले. मुंबईची जागा मात्र परत मिळाली नाही. त्यांना कलकत्त्यात, पूर्वीपेक्षा मर्यादित अधिकारावर, काम दिले गेले आणि ते त्यांनी निवृत्तीपर्यंत केले. 1925 साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

निवृत्तीनंतर ते युरोपात एकटेच राहिले. त्यांनी विवाह केला नव्हता. तरुणपणी ज्या धर्मासाठी नोकरी सोडली, त्याचे आचरण उतारवयात अधिक काटेकोर होत गेले. सुशिक्षित यहुद्यांनी आपली उपासना आणि आचार सोडू नये, अशी कळकळ मांडणारा एक लेख त्यांनी 1916 मध्ये लिहिला. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या या माणसाला प्रार्थना आणि प्रयोग यांत कुठे भांडण दिसले नाही. 1929 मध्ये त्यांनी आपली आयुष्यभराची मिळकत एका निधीसाठी ठेवली. तो निधी पूर्व युरोपातील येशिव्हांसाठी होता. येशिव्हा म्हणजे यहुद्यांचे मदरसेच. तेथेही मुले जमिनीवरच्या जगापेक्षा ग्रंथांत अधिक काळ राहतात. धर्मशिक्षणाबरोबरच त्या मुलांना विज्ञान आणि हातचा हुन्नरही शिकता यावा, हा या निधीचा हेतू होता. पुढच्याच वर्षी, 26 ऑक्टोबर 1930 रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

ते बुजुर्ग आता पुन्हा नियमाने गोळ्या घेतात. दर सोमवारी मी त्यांना कागलहून तपासणीसाठी घेऊन जातो, आणि साखरेचा आकडा ते मला वहीत लिहायला लावतात. उतरलेला असो वा चढलेला.